सावजी म्हणजे नुसता जाळ नव्हे, नागपूरचं खाणं नीट लिहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की दरवर्षी एक गोष्ट ठरलेलीच असते. मुंबईहून मंत्री, अधिकारी, बातमीदार सगळे नागपुरात येतात, विधानभवनाच्या बातम्या सुरू होतात आणि त्याच आठवड्यात पेपरच्या पुरवणीत सावजीवर, म्हणजे इथल्या विणकरांच्या मसालेदार जेवणावर, पानभर लेख येतो. लेखातली वाक्यं पण ठरलेली, कानातून धूर निघतो, घाम फुटतो, हिंमत असेल तरच जा, सोबत लालभडक रश्शाचा फोटो आणि शेजारी डोळे पुसणारा माणूस. आता तर रील्सवाले पण आले, त्यांच्यात कोण किती वाट्या तर्री पितो याची पैजच लागून राहिली. तुमच्या पेपरात पण असे लेख आले आहेत, आमच्या घरी तुमचाच पेपर येतो म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. मला हे मनापासून सांगायचं आहे की नागपूरच्या खाण्याला नुसतं तिखट म्हणून लिहिणं आता थांबवा, कारण त्याचा परिणाम लेखापुरता राहत नाही, तो गावातल्या स्वयंपाकावर होऊन राहिला आहे आणि तो मी रोज डोळ्यांनी बघते.

आमची महालात मसाल्याची चक्की आहे, सासऱ्यांपासूनची. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचं तिखट-हळद कांडायला बायकांची रांग लागते आणि बारा महिने भोजनालयवाल्यांचा मसाला दळायला येतो. त्यामुळे कोणाच्या मसाल्यात काय पडतं ते आम्हाला वासावरून कळतं. पूर्वी भोजनालयाचं सामान यायचं तेव्हा त्यात धने, जिरे, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, तेजपान, मोठी वेलची, बाद्यान, जायपत्री, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, सुंठ असं सगळं असायचं, कोणाकडे भाजलेली ज्वारी असायची रश्श्याला दाटपणा यावा म्हणून, आणि मिरची या सगळ्याच्या मानानं बेतातच असायची. आता तीच भोजनालयं, मुलांच्या हातात आलेली, सांगतात की काकू मिरची वाढवा, बाहेरून आलेलं गिऱ्हाईक म्हणते सावजी खाल्ल्यासारखं वाटलंच नाही, आणि रंग जरा लाल येऊ द्या, फोटोत काळा दिसतो. म्हणजे लेख वाचून, रील बघून लोक येतात, त्यांना जाळ पाहिजे असतो, मग भोजनालयवाला जाळ देतो आणि दगडफूल-खसखस महाग म्हणून हळूहळू कमी करतो. चव बदलली हे कोणाला कळत पण नाही, कारण तोंड भाजलेलं असतं.

मुळात सावजी रस्सा लाल नसतो, तो काळपट असतो. खोबरं आणि कांदा जवळजवळ काळे होईपर्यंत भाजतात, त्यातून तो रंग येतो. मसाल्यातला प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो कारण धन्याला वेळ लागतो आणि खसखस बघता बघता जळते, दगडफुलातली माती-कचरा निवडावा लागतो, तो निवडला नाही तर रश्श्यात कचकच लागते. मग हे सगळं कांदा-लसूण-आल्याबरोबर वाटायचं, तेलात परतायचं, तेल सुटेपर्यंत थांबायचं, आणि मटण त्याच मसाल्यात मंद शिजवायचं. घाई केली की मसाला कच्चा राहतो आणि तो कच्चेपणा झाकायला पुन्हा तिखटच टाकावं लागतं. चांगल्या सावजीचा तिखटपणा जिभेच्या टोकावर चटका देऊन जात नाही, मिरे, लवंग, सुंठ यांचा असतो तो, घशात सावकाश जाणवतो आणि जेवण झाल्यावरही थोडा वेळ राहतो. थंडीच्या दिवसात ते अंगात ऊब देतं. तुमच्या बातमीदाराला एवढी एक खूण सांगून ठेवा की ताट समोर आलं आणि रस्सा लालभडक चमकत असेल तर ते बाहेरच्यांसाठी केलेलं आहे, काळसर असेल आणि भाजल्या खोबऱ्याचा वास येत असेल तर बसून घ्या.

आणि सावजी म्हणजे नुसतं मटण-चिकन पण नाही. हलबा कोष्टी समाजाचं हे जेवण, विणकरांचं. गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी, हंसापुरी या भागात घरोघरी माग होते, दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांच्या घरचा हा स्वयंपाक. जमशेदजी टाटांनी 1877 मध्ये इथे एम्प्रेस मिल काढली, पुढे मॉडेल मिल आली, या गावाचं अर्ध पोट कापडावर भरत होतं. मग हातमाग पडले, मिल बंद झाल्या आणि कितीतरी घरांनी चुलीचाच धंदा केला, पुढच्या खोलीत दोन बाकं टाकली आणि घरात जे शिजत होतं तेच विकायला ठेवलं. सावजी भोजनालय असं सुरू झालेलं आहे साहेब, शेफनी मेन्यू काढून नाही. विणकराच्या घरी रोज मटण कुठून परवडणार, म्हणून त्याच मसाल्यात डाळकांदा झाला. हरभऱ्याची डाळ भिजवलेली, कांदा भरपूर आणि तोच भाजका मसाला. पातोडीचा रस्सा झाला, म्हणजे बेसन मसाल्यात घट्ट शिजवून थापायचं, वड्या पाडायच्या आणि वाढतेवेळीच रश्श्यात सोडायच्या, आधी सोडल्या की विरघळून जातात. मटणातलं पण काही वाया जायचं नाही, खूर, मुंडी, सुंदरी म्हणजे आतडी, कलेजी सगळं शिजायचं. जुने लोक सांगतात की तेव्हा जवसाचं तेल वापरायचे, ते आता फारच कमी ठिकाणी आहे, त्याचा वास नव्या पिढीला आवडत नाही म्हणतात, मला तर वाटते की त्यांना तो मिळालाच नाही.

यातल्या डाळकांद्यावर कोणी लिहिलेलं मी पाहिलं नाही. पातोडीवर दोन ओळी येतात, त्या पण शाकाहारी लोकांसाठी पर्याय म्हणून. खरं तर एखाद्या भोजनालयाचा हात ओळखायचा असेल तर पातोडी मागवावी, तिथे मटणाचा आधार नसतो, सगळं मसाल्यावरच उभं राहते.

दुसरी गोष्ट, हे रांधते कोण. लेखात फोटो येतो गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा. मागच्या खोलीत मसाला भाजणारी, वाटण करणारी बाई असते, कधी मालकाची आई, कधी बायको, कधी रोजीवर आलेली, तिचं नाव कधी येत नाही. लंबी रोटीचं तर विचारूच नका. लोकवन गव्हाची कणीक सैल भिजवून ती ओढून ओढून, आपटून अशी करावी लागते की तिला तार यायला पाहिजे, मग दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवत न्यायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या माठावर टाकायची. एका चुकीत फाटते. आमच्याकडे लग्नात, तेरवीला, जेवणावळीत या बायकांना बोलावतात, चुलीच्या धगीत उभ्या राहून त्या शेकड्यानं रोट्या काढतात. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा पण काढतात. ही कला आहे आणि ती शिकायला आता मुली तयार नाहीत, त्यांची काही चूक नाही, एवढ्या धगीत एवढ्या मजुरीवर कोण उभं राहील. कौतुक झालं तर भाव मिळेल, भाव मिळाला तर कोणी शिकेल. तुमच्या पेपरात एक पान या बायकांवर आलं, त्यांना विचारून, त्यांच्या नावानं, तर एका लेखानं पण फरक पडेल. जाळाची चर्चा करायला लोक पुष्कळ आहेत, हे काम पेपरच करू शकते.

आता सकाळचं. नागपूर बघायचं असेल तर रात्री भोजनालयात नाही, पहाटे पोह्याच्या गाडीवर बघावं असं माझं म्हणणं आहे. कस्तुरचंद पार्कजवळचे पोहे सगळ्यांना माहीत आहेत, पण तशा गाड्या गावभर आहेत, उजाडायच्या आत लागतात आणि दहा-अकरापर्यंत आटोपतात. मोठ्या परातीत पोह्यांचा ढीग, बाजूला गंजात म्हणजे पातेल्यात काळ्या चण्याची तर्री उकळत असते, प्लेटमध्ये पोहे, वरून तर्री, कांदा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, लिंबाची फोड, कोणी शेव टाकते कोणी चिवडा. पोह्यांचं पाणी नीट निथळलेलं असेल आणि तर्री पातळ असेल तरच ते एकमेकांत मिसळतात, दाट तर्री टाकली की लगदा होतो. शेजारीच दुसऱ्या कढईत आलूबोंडा, मूगवडा, मिरचीभजी, आणि आलूबोंडा पण इथे तर्रीतच बुडवून खातात, चटणी-पाव लागत नाही. ही तर्री पण तिखट म्हणूनच प्रसिद्ध केली आहे, पण रोज सकाळी म्हातारे लोक फिरून येऊन खातात, शाळेतली पोट्टी खातात, ती जाळ असती तर रोज कशी खाल्ली असती.

आणि गाडीवर कोण असते ते बघा ना. तुमचा पेपर टाकणारी मुलं असतात, सायकलला गठ्ठे लावून आधी पोहे खातात मग लाइनवर जातात. रात्रपाळी सुटलेले वॉचमन, ऑटोवाले, कळमन्याला आणि कॉटन मार्केटला माल उतरवून आलेले हमाल, क्लासला निघालेले विद्यार्थी. मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या बाहेरची गर्दी तर वेगळीच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाहून, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून पण पेशंट येतात, पेशंट आत वॉर्डात आणि नातेवाईक बाहेर फूटपाथवर, आठ आठ दिवस. त्यांचं दोन वेळचं पोट या गाड्यांवर असते, वीस-तीस रुपयांत पोटभर आणि गरम. माझी आई मेडिकलमध्ये भरती होती तेव्हा आम्ही सगळे त्याच पोह्यांवर होतो. गाडीवाला आधी विचारायचा पेशंट कसा आहे आणि मग प्लेट भरायचा, ज्याच्याजवळ पैसे नसायचे त्याला पण देऊन टाकायचा. हे मी कोणाचं नाव घेऊन सांगत नाही, कारण असे बरेच आहेत.

या गाड्यांना काय पाहिजे ते लिहा ना तुम्ही. नळाचं पाणी जवळ पाहिजे, कचऱ्याचा डबा पाहिजे, बसायला नाही तर निदान उभं राहायला जागा पाहिजे आणि आज इथे उद्या तिथे असं हाकलणं बंद झालं पाहिजे. अस्वच्छ अस्वच्छ म्हणून ओरडायला सगळे पुढे असतात पण बादलीभर पाणी दुरून आणून प्लेटा धुणाऱ्या माणसाला नळ कोण देईल हे कोणी सांगत नाही. 2014 चा फेरीवाल्यांचा कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे पाहिजेत असं आहे, त्यात एक तृतीयांश बायका पाहिजेत, दर पाच वर्षांनी सर्व्हे पाहिजे आणि सर्व्हे होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. पन्नास वर्षांहून जुना फेरीवाल्यांचा बाजार असला तर त्याला वारसा म्हणून जपायची पण तरतूद आहे. एखादी गाडी एकाच झाडाखाली बापापासून मुलापर्यंत लागत आली, सकाळी सहाला माणसं आपोआप तिकडे वळतात, ती गाडी उचलून कुठल्यातरी फूड प्लाझात टाकली तर तिथे पहाटे कोण जाईल. गाडी वाचते पण गिऱ्हाईक तुटते, आणि मग ती पण बंद होते. पोहे किती तिखट आहेत यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे असं मला वाटते.

एक गोष्ट पेपरच्याच संबंधातली आहे म्हणून सांगते, राग मानू नका. गाडीवर भजी-कचोरी पेपरच्या कागदात बांधून देतात, गरम तेल लागलं की शाई सुटते आणि ती पोटात जाते. एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, खाण्याचं सामान पेपरमध्ये बांधायला मनाई केली आहे, पण गाडीवाल्याला ते कोण सांगणार. तुम्हीच पानाच्या खाली रोज बारीक अक्षरात एक ओळ छापली की हा कागद खाण्याचे पदार्थ बांधायला वापरू नका, तर भजी बांधतानाच ती त्याच्या नजरेसमोर येईल. रद्दीचा कागद त्याला फुकटासारखा मिळतो आणि साधा कोरा कागद विकत घ्यावा लागतो हे पण खरं आहे, त्याचा पण विचार व्हायला पाहिजे. तसंच मसाल्यात रंग टाकायला मुळीच परवानगी नाही, तिखटात वरून रंग मिसळणं हा गुन्हा आहे, हे एकदा ठळक छापा. लालभडकची मागणी वाढली की रंग कुठून ना कुठून येतोच. आमच्याकडे पण विचारणारे येतात, आम्ही नाही म्हणतो, मग ते दुसरीकडे जातात.

मिरचीचंच लिहायचं असेल तर तेही नीट लिहा. भिवापूरची मिरची आपल्या जिल्ह्यातली, तिला जीआय म्हणजे भौगोलिक ओळखीचा दर्जा मिळालेला आहे, भिवापूर-उमरेड पट्ट्यातली ती मिरची. जवळच वर्धा जिल्ह्यात वायगावची हळद आहे, तिला पण जीआय आहे, दळताना हाताला जो रंग लागतो तो दोन दिवस जात नाही. किती भोजनालयं ही मिरची वापरतात, शेतकऱ्याला काय भाव मिळतो, कळमन्याच्या मार्केटमध्ये कुठून कुठून मिरची येते, नागपूरच्या नावावर विकल्या जाणाऱ्या तिखटात नागपूरची मिरची किती असते, यावर कोणी बातमीदार चार दिवस फिरला तर केवढं तरी मिळेल. घाम पुसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला पाच मिनिटं लागतात, म्हणूनच बहुतेक तोच छापला जातो.

आणि जे फार तिखट नाही त्याचं काय. वडाभात आहे, गोळाभात आहे. मिश्र डाळींचे वडे करून गरम भातावर कुस्करायचे आणि वरून लसणाची, लाल मिरचीची फोडणी ओतायची, सोबत कढी. गोळाभातात बेसनाचे मसाला घातलेले गोळे भातातच वाफवतात. भंडारा-गोंदियाकडून येणारा तांदूळ, म्हणजे आपला धानाचा पट्टा, त्याचं हे जेवण. हे घरोघरी होते पण बाहेर फार कमी ठिकाणी मिळते, जिथे मिळते तिथे ठराविक वारीच मिळते. हिवाळ्यात सांबारवडी, आत सांबार-खोबऱ्याचं सारण आणि वर बेसनाची पारी, ती गरम असतानाच कढीबरोबर खायची, थंड झाली की तिच्यात काही राहत नाही. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या हातगाडीवर मिळतात, सोल्यांची भाजी, हुरडा, बोरं, आणि आंबिया बहाराची संत्री. अधिवेशन बरोबर याच दिवसात असते साहेब. वर्षातलं सगळ्यात चांगलं खाणं बाजारात असताना आपण पाहुण्यांना फक्त एकाच दिशेला पाठवतो.

बाकी गाव पण मोठं आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही रेल्वेलाइनी इथे एकमेकींना मिळतात, कित्येक वर्षं मध्य प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे माणसं चारी बाजूंनी आली आणि आपापली चूल घेऊन आली. जरीपटक्यात फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचं दालपकवान आहे, सकाळी नाश्त्याला. मोमिनपुऱ्यात रमजानच्या रात्री पाय ठेवायला जागा नसते. इतवारीत मारवाड्यांच्या कचोऱ्या आहेत. संत्रा बर्फीचं सगळ्यांनाच माहीत आहे, स्टेशनवर, एअरपोर्टवर डबेच डबे दिसतात. सदरच्या डॉली चायवाल्याचा चहा तर 2024 मध्ये बिल गेट्सच्या व्हिडिओमुळे जगात पोहोचला, त्याबद्दल मी वेगळं काय सांगू.

एक मात्र सांगायलाच पाहिजे. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा दिली तेव्हापासून येऊन राहिले. त्या दोन-तीन दिवसात रस्त्यारस्त्यावर मंडळं, कर्मचाऱ्यांच्या संघटना, मोहल्ल्यातले साधे लोक मंडप टाकून जेवण वाटतात, पुरी-भाजी, खिचडी, मसालेभात, पाणी, कोणी कोणाची जात विचारत नाही, कोणी पैसे घेत नाही. दुरून, रेल्वेनं उभ्यानं आलेली बाई पोराला मांडीवर घेऊन फूटपाथवर बसून पोटभर जेवते. नागपूरच्या रस्त्यावरचं सगळ्यात मोठं जेवण हेच आहे आणि खाण्याच्या पुरवणीत ते कधी आलं असेल असं मला आठवत नाही. गर्दीचे फोटो येतात, पुस्तकांच्या स्टॉलच्या बातम्या येतात आणि त्या यायलाच पाहिजेत, पण एवढ्या लोकांचं अन्न कोण शिजवते, किती वाजता चूल पेटते, तांदूळ कोण देते, हे पण लिहिण्यासारखं आहे. ते अन्न मुद्दाम सौम्य केलेलं असते, कारण त्यात लहान पोरं असतात, म्हातारे असतात. मसाला द्यायचा म्हणून आमच्या चक्कीवर पण लोक सांगून जातात, काकू यावेळी तिखट हलकं ठेवा, सगळ्यांना खायचं आहे.

काही लोक म्हणतील की तिखट म्हणून तर नाव झालं, गिऱ्हाईक वाढलं, भोजनालयवाल्यांच्या घरात चार पैसे आले, मग बिघडलं कुठे. पैसे आले ते चांगलंच झालं, त्या घरांनी फार वाईट दिवस पाहिलेले आहेत, मला त्याचा आनंदच आहे. पण जाळ खायला आलेला माणूस एकदाच येतो, पैज जिंकतो नाहीतर हरतो आणि निघून जातो. चव लागलेला माणूस पुन्हा येतो, घरच्यांना घेऊन येतो, जाताना पाव किलो मसाला बांधून नेतो. धंदा त्याच्यावर चालते. आणि आमच्याच मुलांना आता वाटायला लागलं आहे की सावजी म्हणजे जितकं तिखट तितकं खरं. माझा भाचा पुण्याला शिकतो, मित्रांसाठी इथून सगळ्यात जहाल मसाला पाठवा म्हणून तो मला सांगतो. मी त्याला जुन्या पद्धतीचाच पाठवला. मित्रांना फार आवडला, फक्त त्यांनी विचारलं की हा खरंच सावजी आहे का.

तर माझी विनंती अशी आहे. या डिसेंबरच्या पुरवणीचं काम तुमच्याकडे नोव्हेंबरातच सुरू होत असेल. त्यासाठी एखाद्या बातमीदाराला आधी पहाटे मेडिकलसमोरच्या गाड्यांवर पाठवा, मग दुपारी गोळीबार चौक-पाचपावलीकडे, जेवणाच्या वेळेच्या आधी, मसाला भाजायला घेतात तेव्हा, आणि त्याला गल्ल्यावर नाही, मागच्या खोलीत जाऊ द्या. कोणत्या भागात काय मिळते, कोणत्या वारी मिळते, किती वाजेपर्यंत मिळते, साधारण किती पैसे लागतात, एवढं तरी छापा, बाहेरच्या माणसाला त्याचाच खरा उपयोग होतो. गुरुवारी, शनिवारी बऱ्याच ठिकाणी मटणाचं गिऱ्हाईक कमी असते, त्या दिवशी पातोडी आणि डाळकांदा निवांत बसून खाता येतो, हे पण लिहा. आणि तुमच्या बातमीदाराला मसाला भाजणं, कांडणं बघायचं असेल तर आमच्या चक्कीवर खुशाल पाठवा, सकाळी नऊनंतर कधीही, फक्त सोबत मोठा रुमाल आणायला सांगा, मिरची सुरू असली की पहिल्यांदा आलेल्याला फार ठसका लागतो.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर